माटुंगा आणि धारावी : मुंबईतील तमिळ वस्तीचा पूर्वेतिहास

मुंबईतील तमिळ समाजाचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर माटुंगा उभा राहतो : फुलांच्या वेण्या, फिल्टर कॉफी, कर्नाटक संगीताच्या मैफली. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. कालक्रमाने पाहिले तर धारावी आधी येते आणि माटुंगा मागाहून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिठी नदीकाठच्या दलदलीत, कोळ्यांच्या जुन्या कोळीवाड्याशेजारी, कातडी कमावण्याचे कारखाने निघाले. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता आणि शहराला या धंद्याची दुर्गंधी वेशीबाहेर हवी होती. कारखान्यांमागोमाग तमिळ मुसलमान व्यापारी आले, तिरुनेलवेलीकडील आदिद्रविड मजूर आले. चर्मकामाचे ज्ञान त्यांनी गावाहून आणले होते. तमिळ मुलखात कातडी कमावण्यासाठी ज्या झुडपाची साल वापरीत, त्याला तिकडे ‘आवारम’ म्हणतात; आपल्या माळरानावरचा पिवळ्या फुलांचा तरवड तो हाच. तोच तरवड दोन्ही मुलखांत उगवतो, ही गोष्ट मराठी-तमिळ संबंधांच्या चर्चेत सहसा येत नाही. मुंबईच्या चामड्याच्या व्यापाराचा पाया ज्या हातांनी घातला, त्यांची नावे कोणत्याही गौरवग्रंथात सापडत नाहीत. १९७१ साली कत्तलखाना देवनारला गेला, पुढे कारखानेही धारावीतून हलले. चामड्याच्या वस्तूंची दुकाने तेवढी उरली.

माटुंग्याची घडण निराळी. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने दादर-माटुंगा परिसराची आखणी केली. तेथील चाळी-इमारतींत दोन महायुद्धांच्या दरम्यान तंजावर, पालघाट, तिरुनेलवेली येथून आलेली शिकलेली, बहुतांशी ब्राह्मण कुटुंबे स्थिरावली. इंग्रजी आणि टंकलेखन हे त्यांचे भांडवल. १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या शाळा-महाविद्यालयांतून पुढे मराठी, गुजराती मुलांच्याही पिढ्या शिकल्या. १९५२ साली षण्मुखानंद सभा स्थापन झाली, १९६३ मध्ये तिचे भव्य सभागृह उभे राहिले. १९९० च्या आगीनंतर ते १९९८ साली पुन्हा उघडले. या मंचावर कर्नाटक संगीताइतकाच मान हिंदुस्थानी संगीतालाही मिळाला, ही नोंद आवर्जून करावयास हवी.

दोन्ही वस्त्या लागून. मध्ये अंतर जातीचे आणि वर्गाचे. १९६६ नंतरच्या काळाने मात्र हा भेद पुसून टाकला. शिवसेनेच्या आरंभीच्या प्रचाराचा रोख दाक्षिणात्यांवर होता, आणि ‘मार्मिक’मध्ये कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. मराठी तरुणाची बेकारी खरी होती. तिचे खापर ज्यांच्या माथी फुटले त्यांत कातडी कमावणाराही होता, ज्याची जागा कोणाही मराठी तरुणाने मागितली नसती. त्या दिवसांत मराठी साहित्यिकांनी बाळगलेले मौन आज खटकते.

त्यातही विपर्यास असा, की सतराव्या शतकात व्यंकोजींच्या मागोमाग तंजावरास गेलेल्या मराठी माणसांना तमिळ मुलखाने सामावून घेतले होते. शहाजीराजांची मराठी नाटके तेथेच लिहिली गेली, सरस्वती महालात मराठी पोथ्या जपल्या गेल्या. विश्वनाथ खैरे यांनी तर मराठी शब्दांची मुळे तमिळमध्ये शोधण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ती मान्य होण्याजोग्या नाहीत, तथापि दक्षिणेकडे पाहण्याची सवय त्यांनी मराठी अभ्यासकांना लावली.

धारावीत १९१३ साली तमिळांनी बांधलेले गणेशमंदिर आहे. महानगरपालिकेच्या तमिळ माध्यमाच्या शाळाही या भागात आहेत. संक्रांतीच्या दिवशी येथील गल्ल्यांत स्त्रिया दारापुढे रांगोळी काढतात, चुली मांडतात आणि नव्या मडक्यात पोंगल शिजवतात. भात उतू जाईपर्यंत वाट पाहावयाची असते. तोवर शेजारच्या मराठी घरांतून तिळगूळ आलेला असतो.