डाकोटा विमानाचे उत्तरायुष्य

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहिताना ते कशासाठी निर्माण झाले याची चर्चा विस्ताराने होते. निर्मितीचा हेतू संपल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र बहुधा उपेक्षितच राहतो. डग्लस सी-४७ या लष्करी मालवाहू विमानाचे न्यूझीलंडमधील उत्तरायुष्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

डीसी-३ या प्रवासी विमानाचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याचे लष्करी रूप म्हणजे सी-४७ हजारोंच्या संख्येने बांधले गेले व ब्रिटिश परिभाषेत ‘डाकोटा’ या नावाने रूढ झाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली, ती डाकोटांतूनच. रुंद मालदरवाजा, भक्कम तळ आणि ओबडधोबड धावपट्टीवर उतरण्याची क्षमता हे त्याचे युद्धोपयोगी गुण होत. हेच गुण पुढे शेतीच्या कामी आले.

न्यूझीलंडच्या डोंगरउतारांवरील जंगल तोडून तेथे मेंढ्यांसाठी कुरणे करण्यात आली होती. त्या मातीत स्फुरद व गंधक यांची उणीव होती. गवत विरळ होऊन जमिनीची धूप होऊ लागली. उतार इतके तीव्र की खताची गाडी तेथे चढणे अशक्य. १९४८ साली तेथील वायुदलाने अव्हेंजर विमानांतून खत टाकण्याचे प्रयोग केले. १९४९ पासून टायगर मॉथ ही लहान विमाने व्यवसाय म्हणून हे काम करू लागली. मराठी शेतकरी ज्यास ‘वरखत’ म्हणतो, त्यातील ‘वर’ हे पद येथे अक्षरशः आकाशाचे वाचक ठरले. पुढे डाकोटाही या कामी आला. आसने काढून तेथे खताची मोठी टाकी बसविली जाई आणि पोटाखालील झडपेतून सुपरफॉस्फेट सोडले जाई. तौपो येथे एका उपाहारगृहाशेजारी जतन केलेले, १९४३ साली बांधलेले विमान युद्धानंतर प्रथम प्रवासी वाहतुकीत व नंतर या कामात होते. मात्र डाकोटास लांब धावपट्टी लागे. फ्लेचरसारखी लहान विमाने शेताजवळच्या आखूड पट्टीवरून वारंवार उडू शकत. शिवाय ओलसर सुपरफॉस्फेट आम्लधर्मी असल्याने विमानाच्या धातूस गंज चढे.

शस्त्रसामग्रीचे अवजार झाले, एवढ्यावर ही कथा सामान्यतः थांबते. परंतु विमानातून पडणारे खत कोठून येई, हे पाहिल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. त्यासाठी लागणारा फॉस्फेटचा दगड मुख्यतः नाउरू व बनाबा या प्रशांत महासागरातील बेटांवरून, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संयुक्त आयोगामार्फत येई. ज्या १९४५ साली युद्ध संपून ही विमाने मोकळी झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस बनाबाच्या रहिवाशांना फिजीमधील राबी बेटावर नेऊन वसविण्यात आले. त्यांच्या मूळ बेटावरील खाणकाम १९७९ पर्यंत चालू राहिले. एका देशाचे डोंगर हिरवे होत असताना दुसऱ्या लोकांची भूमी खरवडली जात होती.

यावरून डाकोटाच्या वैमानिकांचे कौशल्य वा कुरणांचा लाभ खोटा ठरत नाही. मात्र यंत्राच्या शांतताकालीन उपयोगाचा हिशेब मांडताना त्याने काय पेरले याबरोबरच ते कोणाच्या भूमीतून उचलले गेले, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.