पावसाळ्याची वीज: गोकाकपासून विझिंजमपर्यंत

बेळगाव भागात पाण्याच्या शक्तीचा पहिला मोठा औद्योगिक वापर गोकाकला झाला. घटप्रभा नदी तिथे सुमारे ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळते. याच कड्याशेजारी १८८७ साली कापसाची गिरणी उभी राहिली. गिरणी चालवणाऱ्या कंपनीच्या नावातच ‘वॉटर पॉवर’ हे शब्द होते. त्याच वर्षी इथे वीज निर्माण झाल्याचेही सांगितले जाते. जागेची निवड विचारपूर्वक केलेली होती. आसपास कापूस पिकत होता, सदर्न मराठा रेल्वेचे रूळ त्याच दशकात या मुलखात येत होते आणि कोळसा मात्र फार लांबून आणावा लागत होता. ५२ मीटरच्या उतारावर सेकंदाला एक घनमीटर पाणी सोडले, तर त्यातून हिशेबाने सुमारे ५०० किलोवॅट शक्ती मिळू शकते. कोळशाविना मिळणारी एवढी शक्ती गिरणीला मोलाची होती.

अडचण होती ती पाण्याच्या वेळापत्रकाची. बेळगावहून खानापूरच्या वाटेवर उद्यमबाग मागे पडल्यावर पिरनवाडी लागते. या पट्ट्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि पावसाचा सगळा जोर जून ते सप्टेंबर असतो. बैलूरकडे उगम पावणारी मार्कंडेय पुढे घटप्रभेला मिळते, तर खानापूरच्याच जंगलात उगवणारी म्हादई उलट दिशेने गोव्याच्या समुद्राकडे जाते. दोन्ही नद्यांना पूर येतो तो त्याच चार महिन्यांत. जुलैत गोकाकचा कडा गढूळ पाण्याने भरून जातो आणि एप्रिलमध्ये त्याचा उघडा खडक दिसतो. पाणी अडवून ठेवल्याशिवाय या शक्तीचा वर्षभर भरवसा धरता येत नाही. धबधब्याच्या वरच्या बाजूला धुपदाळचा बंधारा आणि पुढे हिडकलचे धरण झाले ते मुख्यतः शेतीसाठी, पण पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखायचे हा हेतू त्यांच्याही मुळाशी होता.

पश्चिम घाटातली मोठी वीजकेंद्रे याच तत्त्वावर उभी राहिली. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव बांधले आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. कोयनेचा पहिला टप्पा १९६० च्या दशकात सुरू झाला. या सर्व कामांत यंत्रांपेक्षा साठवण मोठी होती. घाटातल्या विजेचा इतिहास हा खरे तर तलावांचा इतिहास आहे, आणि समुद्राच्या लाटांचा विचार करताना ही बाब विसरून चालत नाही, कारण लाटेला तलाव नसतो.

लाटांवर यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये गिरार बापलेकांनी १७९९ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. विसाव्या शतकात जपानच्या योशिओ मासुदा यांनी दिशादर्शक बोयांवरचे दिवे लाटांच्या शक्तीवर पेटवले. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्रिटनमध्ये संशोधनाला जोर आला. तिथेच ॲलन वेल्स यांनी हवा कोणत्याही बाजूने आली तरी एकाच दिशेने फिरणारे टर्बाइन तयार केले.

भारतात हे काम १९८३ मध्ये मद्रासच्या आयआयटीने हाती घेतले आणि १९९१ मध्ये केरळच्या विझिंजम बंदरात १५० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. लाटरोधक बांधाजवळ काँक्रीटची सुमारे ३,००० टनांची पोकळ पेटी समुद्रतळावर बसवलेली होती. पेटीला समुद्राच्या बाजूने खाली तोंड होते. लाट आत शिरली की आतले पाणी वर चढे आणि वरची हवा टर्बाइनमधून बाहेर ढकलली जाई; लाट ओसरली की बाहेरची हवा त्याच वाटेने आत खेचली जाई. एप्रिल ते नोव्हेंबर सरासरी ७५ किलोवॅट आणि डिसेंबर ते मार्च २५ किलोवॅट मिळावेत अशी अपेक्षा होती. या दोन आकड्यांतला फरक गोकाकच्या धबधब्याचीच आठवण करून देतो. पुढे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने या केंद्राला समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र जोडले. आज ते केंद्र बंद आहे, पण भारतीय किनाऱ्यावर लाटेपासून वीज मिळते हे त्याने प्रत्यक्ष दाखवले, आणि ते श्रेय त्याला निःसंकोच द्यायला हवे.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ऋतूंमधली ही तफावत आणखी ठळक होते. लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक मीटर उंच आणि सहा सेकंदांनी येणारी लाट किनाऱ्याच्या दर मीटरमागे सुमारे ३ किलोवॅट शक्ती आणते. तीन मीटर उंचीची, नऊ सेकंदांनी येणारी पावसाळी लाट सुमारे ४० किलोवॅट. उंची तिप्पट आणि दोन लाटांमधला वेळ दीडपट झाला की शक्ती तेरा-चौदा पट होते. यंत्र मोठ्या लाटेचा मार सोसेल इतके भक्कम बांधावे लागते आणि उरलेले आठ महिने त्याला फारसे काम नसते. खर्च वाढतो तो इथेच.

वीज कधी मिळते याइतकेच ती कधी लागते हेही पाहावे लागते. मागणीची ही बाजू मोजण्याची साधने त्या मानाने नवीन आहेत. इमारतीच्या ऊर्जेचे संगणकी गणित अमेरिकेत १९७० च्या दशकात रुळले. ‘एनर्जीप्लस’ हे आज सर्वत्र वापरले जाणारे साधन २००१ मध्ये आले. भारतात २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनंतर अशा गणिताची गरज वाढली. या साधनांना वर्षाच्या ८,७६० तासांचे तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा पुरवावा लागतो. भारतीय शहरांसाठी तयार झालेल्या अशा हवामान-फायलींत बेळगाव आहे आणि रत्नागिरीही आहे. म्हणजे पिरनवाडी-मच्छे भागातल्या एखाद्या कारखान्याच्या किंवा वसतिगृहाच्या स्लॅबमधून किती उष्णता आत येईल, कौलारू छपराखाली किती येईल, हे बांधकामाआधीच तासातासाने काढता येते.

पुरवठा आणि मागणी यांचे हे दोन हिशेब शेजारी ठेवले की विसंगती दिसते. या भागात पंखे आणि वातानुकूलन यांचा भार एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक असतो. मृगाचा पाऊस लागला की हवा गार होते, शेतीपंप थांबतात आणि समुद्र खवळतो तो नेमका त्यानंतर. किनाऱ्यावरच्या मासळीच्या बर्फाला लाटांची वीज द्यावी, ही सूचना वरवर सोयीची वाटते. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि बर्फाची मागणी तेव्हाच सर्वांत कमी असते.

लाटांची खरी जोडी जमते ती सौर विजेशी. जुलै-ऑगस्टमध्ये ढग दाटून राहतात आणि छतावरच्या पॅनेलचे उत्पादन घसरते. लाटा त्याच महिन्यांत, रात्रंदिवस, सर्वांत जोरात असतात. एकट्या गावाला किंवा कारखान्याला लाटांची वीज पुरी पडणार नाही. मोठ्या वीजजाळ्यात सौर विजेची पावसाळी तूट भरून काढणारा स्रोत म्हणून मात्र तिला जागा आहे.