तोंडातल्या धुराचा हिशेब

जुलैत एका संध्याकाळी भाच्याने प्लास्टिकचा हवाबंद डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "मामा, यातल्या किती वाचतील ते बघ ना." आत अकरा सिगार होत्या. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी वर्गणी काढून पुडकंच घेतलं होतं, कारण पुडक्याने घेतलं की नग स्वस्त पडतो. चार सिगारींवर पांढरी बुरशी धरली होती. दोन सिगारींच्या पानाला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं होती आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुगा साचला होता. शीव कोळीवाड्यात पावसाळ्यात सुकी मासळी राखताना आमच्या पिढ्या गेल्या, म्हणून त्याने मला विचारलं असावं.

बुरशीचं सांगून झाल्यावर बोलणं मूळ मुद्द्यावर आलं. भाच्याची बाजू अशी: सिगारेट वाईट, हे त्याला मान्य. पण सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो. शिवाय ती निव्वळ पानांची, कागद नाही, रसायनं नाहीत. आठवड्याला एक ओढली तर खिशालाही झेपते. थोडक्यात, स्वस्तात सुरू करता येणारा, निर्धोक, जरा ऐटीचा छंद. ही समजूत त्याची एकट्याची नाही. चांगले शिकलेले लोकही ती बाळगून असतात. म्हणून ती नीट तपासायला हवी.

तिच्यात खरं आहे तेवढं आधी मानतो. जो कधीच धूर आत ओढत नाही, त्याच्या फुप्फुसाला सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा धोका कमी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर एक मोठा ग्रंथ काढला. त्यातही हे स्पष्ट लिहिलं आहे. क्वचित ओढणाऱ्याचा धोका रोज ओढणाऱ्याइतका नसतो, हेही खरं. पण "धूर आत घ्यावा लागत नाही" यावरून "म्हणून अपाय नाही" असा जो निष्कर्ष निघतो, तो मला मान्य नाही. धूर आत का घ्यावा लागत नाही, हे कुणी विचारतच नाही.

त्याचं उत्तर प्रत्येक पानाच्या टपरीवर सापडतं. तंबाखू खाणारा माणूस चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतो, नखभर चुना लावतो आणि अंगठ्याने मळतो. चुना कशासाठी? बिनचुन्याची तंबाखू लागत नाही, हे कुणीही सांगेल. चुना अल्कधर्मी आहे. अल्कधर्मी वातावरणात निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या, हिरड्यांच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात उतरतं. आम्ल वातावरणात ते अडकून पडतं. सिगारेटची बरीचशी तंबाखू भट्टीच्या उष्णतेने सुकवतात. तिच्यात साखर शिल्लक राहते आणि धूर आम्लाकडे झुकतो, सामू ६ च्या आसपास. असा धूर तोंडातून फारसा शोषला जात नाही, म्हणून सिगारेटवाल्याला तो छातीत ओढावा लागतो. सिगारचं पान हवेवर सावकाश सुकवतात, मग थप्पी लावून आंबवतात. साखर जवळजवळ संपते, धूर अल्कधर्मी होतो आणि सिगार संपत येते तसा त्याचा सामू ८ च्याही वर जातो.

म्हणजे सिगारच्या धुरात चुना आधीच मळलेला असतो. धूर आत घ्यावा लागत नाही, कारण निकोटीन चढायला तोंड पुरतं. भाचा ज्याला सुरक्षिततेची खूण समजत होता, ती मात्रेची खूण निघाली. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ५ ते १७ ग्रॅम, म्हणजे कधी अख्ख्या पाकिटाएवढी, आणि ती तास-दीड तास ओठांत राहते. त्या वेळात गाल, जीभ, टाळू सगळं त्या धुरात भिजतं, आणि थुंकी गिळली की तीच द्रव्यं अन्ननलिकेत उतरतात. रोज सिगार ओढणाऱ्यांत तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांच्या जवळपास जातो, हेही त्याच १९९८ च्या ग्रंथात आहे. "निव्वळ पान" हा मुद्दाही टिकत नाही. तंबाखूतले कर्करोगकारक नायट्रोसामिन पान सुकवताना आणि आंबवताना पानातच तयार होतात. बाहेरून कुणी काही मिसळावं लागत नाही.

यासाठी अमेरिकेच्या ग्रंथापर्यंत जायचीही गरज नव्हती. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी सहलेखिका सूर्याबाईंच्या सोबतीने त्यांनी सवयींतून येणाऱ्या कर्करोगांवर लिहिलं. त्यात आंध्रच्या किनाऱ्यावरची चुट्टा ओढण्याची रीत होती. चुट्टा म्हणजे हाताने वळलेली ओबडधोबड सिगारच. तिकडच्या कष्टकरी बायका तिचं पेटतं टोक तोंडात धरतात, म्हणजे वाऱ्याने विझत नाही आणि राखही पडत नाही. आणि कर्करोग होतो तो टाळूला. माझा भाचा इथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: तिथे आगीची धग टाळूला लागते, सरळ ओढणाऱ्याला ती लागत नाही. मान्य. म्हणून चुट्ट्याचे आकडे मी सिगारला चिकटवत नाही. एवढंच म्हणतो की "धूर छातीत गेला नाही तर रोग होत नाही" हा नियम आपल्याच शहरातल्या, आपल्याच माणसाने ऐंशी वर्षांपूर्वी मोडीत काढला होता.

ऐटीबद्दल थोडंसं. चिरूट हीही सिगारच. हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, अर्थ गुंडाळी. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलची चिरूट साहेबांनी उचलली, त्याआधी आणि नंतरही ती मजुराच्या तोंडात होती. आमच्या आजूबाजूला धारावीत, शिवेला, माटुंग्याला तमिळ कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना सुरुट्टु म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सिगारला उच्चभ्रू मानणं हा अलीकडचा गैरसमज आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात सिगार आणि चिरूट विडीच्याच यादीत आहेत.

आता खिशाचं बोलू, कारण भाच्याचं मन तिथेच अडकलं आहे. सिगारच्या पानाला हवेत ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. ती मोजायच्या काट्याची पारख मिठाने करतात. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, काट्यासकट बंद पिशवीत रात्रभर. सकाळी काट्याने ७५ दाखवायला हवेत, कारण ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हेच उलट बाजूने आमच्या घराघरात दिसतं. हवा ७५ च्या वर गेली की बरणीतलं मीठ पाझरतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. वडाळ्याच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आषाढ-श्रावणात मुंबईचं मीठ सुकं राहत नाही, म्हणजेच मुंबईची हवा सिगारला सोसत नाही. ती भोकं पाडणारा किडा आपल्या हळकुंडांना आणि धण्यांना लागतो तोच. उबेत त्याची अंडी फुटतात, आणि मुंबईत ऊब बारा महिने असते. मग काटा घ्या, ओलावा राखणाऱ्या पुड्या घ्या, लाकडी पेटी घ्या. फ्रिजमध्ये ठेवावी तर आमच्या फ्रिजात बोंबील, आणि पान वास धरतं.

हे सारं जमेस धरलं की स्वस्ताई दोनच वाटांनी उरते. एक, पुडकं घेऊन बुरशी धरायच्या आत संपवणं. मग आठवड्याला एक हा नेम राहत नाही, ओढायचा वेग पावसाळा ठरवतो. भाच्याच्या टोळीने मे अखेरीस वीस घेतल्या होत्या. सहा आठवड्यांत नऊ ओढल्या, कारण "खराब होण्यापेक्षा बऱ्या". दुसरी वाट, फिल्टर लावलेल्या, गोड वासाच्या छोट्या सिगारी. त्यांचा धूर सिगारेटसारखा सौम्य असतो, म्हणून ओढणारा तो छातीत घेतो आणि मूळ युक्तिवादच संपतो. स्वस्त वाटेवर धूर आत न घेण्याची अटसुद्धा टिकत नाही.

भाच्याने शेवटी विचारलं, "मग आजी काय ओढत होती?" त्याला तिचं दुखणं तेवढंच आठवत होतं. माझी आई पहाटे मासळीच्या टोपलीजवळ बसून डबीतली तंबाखूची मिश्री बोटावर घ्यायची आणि खालच्या हिरड्यांवर, डाव्या बाजूला, घासायची. ती घासल्याशिवाय तिचं डोकं हलकं होत नसे. विडी तिने कधी हातात धरली नाही. पुढे गालाच्या आत, नेमका त्याच जागी, पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी कागद पुढे ओढून पहिला प्रश्न केला, "बाई, काय ओढता?" आईने शपथेवर सांगितलं, "काही नाही." ते खरं होतं. डॉक्टरांनी मान हलवली, खिडकीकडे वळवून तिचं तोंड उघडलं आणि चट्टा मोजायला लागले.