बाटल्या दोन, नाव एकच: मुलांच्या तापाच्या औषधाची गोष्ट

मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता ताईचा फोन आला. भाचा साडेतीन वर्षांचा, ताप १०२ च्या वर. "अरे, कपाटात दोन बाटल्या आहेत. दोन्हींवर पॅरासिटामॉल लिहिलंय. कुठली देऊ?" म्हटलं, "ताई, आधी फोटो पाठव." एकीवर ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलीमध्ये २५०. दुसरी मोठ्या भाचीची होती. माप तेच, पण औषध दुपटीहून जास्त. मागून आईचा आवाज, "आधी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव गं!" शेवटी डॉक्टरांना उठवलं. त्यांनी पहिलं काय विचारलं? वजन. वय नंतर. मग किती मिली ते सांगितलं, आणि पहाटे पोरगं घामेजून झोपलं. मला मात्र झोप लागेना. म्हटलं, हे औषध मुलांपर्यंत आलं तरी कसं?

तर गोष्ट सुरू होते एका घोळापासून. साल १८८६, गाव स्ट्रासबर्ग, तेव्हा जर्मनीत. कान आणि हेप नावाचे दोन डॉक्टर जंतांवर नॅफ्थलीन देऊन बघत होते. नॅफ्थलीन म्हणजे आपली डांबरगोळी, हो! जंत राहिले बाजूला, रुग्णाचा ताप उतरला. तपासलं तर बाटलीत भलतंच काहीतरी होतं: ॲसिटॅनिलाइड. लगेच 'अँटिफेब्रिन' नावाने ते बाजारात आलं. पण ते घेऊन काही लोक निळे पडायचे, कारण रक्त प्राणवायू नीट वाहून नेईनासं व्हायचं.

पॅरासिटामॉल तेव्हा प्रयोगशाळेत तयार होतं. १८९३ साली फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने ते रुग्णांना देऊनही पाहिलं. पण यानेही रक्त बिघडतं असा शेरा त्याने मारला. बहुधा त्याच्या नमुन्यातच भेसळ होती. त्या एका शेऱ्यापायी औषध पन्नासेक वर्षं कोनाड्यात पडलं, आणि १८९९ पासून ॲस्पिरिनचं राज्य आलं.

१९४८ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी कोडं सोडवलं. शरीरात गेल्यावर ॲसिटॅनिलाइडचं पॅरासिटामॉल होतं, आणि ताप-दुखणं तेच कमी करतं. मग सरळ तेच का देऊ नये? १९५५ मध्ये अमेरिकेत 'टायलेनॉल' आलं, आणि गंमत बघा, ते मोठ्यांसाठी नव्हतंच. मुलांचं सिरप होतं, आगीच्या लाल बंबासारख्या खोक्यात.

तरी घरोघरी मुलांना ॲस्पिरिनच मिळत होतं, संत्र्याच्या चवीच्या छोट्या गोळ्यांतून. इथे मला थांबावंसं वाटतं. १९६३ साली सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट डग्लस राय यांनी 'लॅन्सेट'मध्ये २१ मुलांची नोंद छापली. आजार साधाच, मुलं बरी होत आलेली, आणि अचानक उलट्या, गुंगी, झटके. मेंदूला सूज, यकृतात चरबी. २१ पैकी १७ मुलं गेली. कारण कुणालाच कळेना. पुढे अमेरिकेत अभ्यास झाले, तेव्हा धागा सापडला: फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या ज्या मुलांना ॲस्पिरिन दिलं होतं, त्यांच्यातच हे जास्त दिसत होतं. १९८० साली तिथे ५५५ मुलांची नोंद झाली. म्हणजे आई-बापांनी जिवापाड काळजीने दिलेली गोळी.

पाकिटावर इशारा छापायचा म्हटल्यावर ॲस्पिरिनवाल्या कंपन्या अडून बसल्या. पुरावा पुरेसा नाही म्हणे! तो सक्तीचा व्हायला १९८६ उजाडलं. त्याच वर्षी ब्रिटनने १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ॲस्पिरिन बंद केलं. १९९४ ते १९९७ मध्ये अमेरिकेत वर्षाला दोनहून जास्त रुग्ण सापडले नाहीत. ती मधली वर्षं कुणाच्या खात्यात टाकायची, सांगा बरं?

आयबुप्रोफेन हा त्यामानाने अलीकडचा गडी. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्ट्युअर्ट ॲडम्स यांनी ते शोधलं. त्याचा परिणाम पॅरासिटामॉलपेक्षा थोडा जास्त वेळ टिकतो, सूजही उतरते. पण आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की आधी डेंग्यूची शंका येते, आणि डेंग्यूत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन दोन्ही नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून डॉक्टर पॅरासिटामॉलवर अडून बसतात.

आणि निमेसुलाइड! हे आठवतंय? माझ्या लहानपणी ताप आला की हमखास हेच. ताप झटकन उतरायचा, म्हणून आया खूश. अमेरिकेत त्याला कधी परवानगीच मिळाली नाही. यकृताच्या तक्रारींमुळे फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्येच ते थांबवलं. आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आली २०११ साली. नऊ वर्षं!

पॅरासिटामॉलही काही गरीब गाय नाही. जास्त झालं तर तेसुद्धा यकृतावरच उठतं, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा मापात. अमेरिकेत तान्ह्यांचे थेंब आणि मोठ्या मुलांचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं असायचं. गफलती व्हायला लागल्या, तेव्हा २०११ मध्ये कंपन्यांनी सगळ्यांसाठी एकच माप ठरवलं, ५ मिलीत १६० मिलिग्रॅम. आपल्या दुकानात आजही १२० आहे, २५० आहे, आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीत १००.

ताईने दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांवर मार्करने पोरांची नावं आणि मिली लिहून टाकले. आई अजून विचारतेय, त्या रात्री पट्ट्या ठेवल्या होत्या की नाही.