कागदावरचा सूर : लखनौमधील भातखंडे-पद्धती आणि वर्गातील अध्यापन

अध्यापनात नवे साधन आले की गुरूचे स्थान काय राहते, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लखनौच्या संगीतवर्गात तो उभा राहिला होता. तेथील नवे साधन म्हणजे छापील स्वरलिपी; आणि ती तेथे नेणारे होते मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६).

चौथी आणि पाचवी अखिल भारतीय संगीत परिषद लखनौला भरली. त्यांतून, राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या पाठबळाने, १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज स्थापन झाले. ठुमरी आणि कथक यांच्या या नगरीत विद्या उस्तादाच्या बैठकीत, त्याच्या मर्जीने मिळत असे. आता तिला वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा आणि क्रमिक पुस्तक लाभले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र-तार सप्तकांसाठी टिंबे : एवढ्या मोजक्या चिन्हांनी घराण्यांच्या बंदिशी कोणाही विद्यार्थ्यासमोर आल्या.

तौलनिक अभ्यासकाने येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘क्रमिक पुस्तक मालिके’तील अनेक बंदिशींची भाषा ब्रज, तर विवेचनाची चौकट मूळची मराठी, ती पुढे हिंदीत गेली. दुसरे असे की, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मराठी ग्रंथ भातखंड्यांनी गुरुशिष्य-संवादाच्या रूपात लिहिला. म्हणजे मौखिक परंपरेला पर्याय ठरू पाहणाऱ्या मुद्रणानेच त्या परंपरेचा संवाद आपल्या पोटात घेतला.

तथापि मींड कमानीने सुचवता येते, गाता येत नाही. दरबारीतील गांधाराचे आंदोलन कागदावर केवळ ‘ग’ म्हणून उरते. ही मर्यादा कॉलेजच्या व्यवहारातच दिसते. १९२८ पासून प्राचार्य असलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर भातखंड्यांचे शिष्य होते, तसेच उस्ताद फैयाज खाँ यांचे गंडाबंध शागीर्दही होते. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलहून बालवयात लखनौला आलेले के. जी. गिंडे रातंजनकरांच्या घरीच राहून शिकले. वर्गाच्या भिंतीआड गुरुकुल टिकून होते.

स्वरलिपीमुळे उस्तादांचा विद्येवरील एकाधिकार सैल झाला. त्याबरोबर त्यांची प्रतिष्ठाही उणावली, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. परंतु ज्यांना बैठकीची दारे बंद होती, त्यांच्यासाठी तेच पुस्तक प्रवेशद्वार ठरले, हेही तितकेच खरे. हा लाभ आणि ही हानी एकाच कृतीतून उद्भवली.

१९६६ मध्ये शासनाकडे गेलेली ही संस्था २०२२ पासून भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे. तिच्या इतिहासाचे सार एवढेच : साधन विद्येची विभागणी करते. लिहिण्याजोगे ते उचलते आणि उरलेले शिक्षकावर सोपवते. नव्या साधनाची पारख करताना, हे उरलेले देणारा कोणी वर्गात उरला आहे काय, हे प्रथम विचारले पाहिजे.