वैतरणेच्या मुखावरील कोट

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा नदी आजच्या पालघर जिल्ह्यात अर्नाळा आणि दातिवरे यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते. तिच्या खाडीत भरतीच्या पाण्यावर होड्या मनोरच्या बाजूपर्यंत जात असल्याने घाटाखालच्या जंगलातील इमारती लाकूड समुद्रकिनारी आणण्याचा तो सोयीचा जलमार्ग होता. या मुखाशी अर्नाळ्याचा जंजिरा, म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला किल्ला, उभा असून उत्तरेकडे केळवे, माहीम, शिरगाव आणि तारापूर येथे कोटांची ओळ लागते. हे सर्व कोट एकाच किनाऱ्यावर असले, तरी त्यांच्या बांधणीमागे दोन निरनिराळ्या गरजा होत्या : उत्तरेकडील बहुतेक कोट गावांच्या वसुलीला संरक्षण देण्यासाठी, तर आजच्या रूपातील अर्नाळा खाडीचे तोंड ताब्यात ठेवण्यासाठी बांधला गेला.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1559 मध्ये दमण त्यांच्या हाती आल्यावर या दोन ठाण्यांमधील किनारपट्टी त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चा भाग झाली. तेथील गावे पोर्तुगीज सरदारांना ‘फोरो’ या ठरावीक वार्षिक खंडावर, बहुधा काही पिढ्यांपुरती आणि प्रसंगी शस्त्रे व घोडा घेऊन चाकरीस येण्याच्या अटीवर दिली जात. जमीनधारकच संरक्षणाचाही भार उचलत असल्यामुळे मोठ्या किल्ल्यांच्या बरोबरीने लहान गढ्या आणि तटबंदीची ठाणी जागोजागी उभी राहिली. केळव्यास किनाऱ्यावरील भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरील किल्ला, आणि खाडीच्या पाण्यातील पाणकोट असे दोन्ही प्रकार आढळतात. आतल्या बाजूचा अशेरीगड पोर्तुगीजांनी 1556 मध्ये मिळवला, तोही मुख्यतः जहाजबांधणीस लागणाऱ्या सागवानाच्या जंगलांवर हुकमत राहावी म्हणून.

अशा विखुरलेल्या ठाण्यांची मर्यादा संभाजी महाराजांच्या 1683 च्या स्वारीत तारापूरच्या परिसराची जी जाळपोळ झाली तिने उघड केली, आणि अर्ध्या शतकानंतर चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तर ही साखळीच तुटली. जानेवारी 1739 मध्ये माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी एकापाठोपाठ पडली. तारापूरने मात्र कडवा प्रतिकार केला. तेथे तटाखाली सुरुंग लावून मराठ्यांना वाट काढावी लागली आणि बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार या वेढ्यात कामी आले. उत्तरेकडून येणारी मदत अशा रीतीने तुटल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात वसई शरण आली.

अर्नाळा त्याआधी, 1737 मध्येच, मराठ्यांकडे आला होता. पोर्तुगीज ज्याला ‘गाईंचे बेट’ म्हणत, त्या या बेटावरील जुना कोट नव्याने बांधून काढण्याचे काम बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेने शंकराजी केशव फडके यांनी हाती घेतले, आणि पाश्चात्त्यांचा बीमोड करून समुद्रात जंजिरा बांधण्याची ती आज्ञा दरवाजावरील मराठी शिलालेखात नोंदलेली आहे. दरवाजावर हत्ती आणि वाघ यांची शिल्पे आहेत, तर आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर व गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर शिबंदीला दीर्घकाळ तग धरता यावा, यासाठी असे तळे तटाइतकेच महत्त्वाचे होते. किल्ल्याबाहेर एकटाच उभा असलेला गोल बुरूज किनाऱ्यावर व खाडीच्या वाटेवर नजर ठेवण्यास सोयीचा होता. जिंकलेल्या कोटांपैकी अर्नाळ्यावर मराठ्यांनी एवढा खर्च आणि श्रम ओतले, यावरून वैतरणेच्या मुखाला त्यांच्या आरमारी विचारात किती महत्त्व होते हे कळते.

इंग्रजांनी 1781 मध्ये अर्नाळा घेतला, सालबाईच्या तहाने 1782 मध्ये तो परत केला आणि पेशवाईच्या अखेरीस कायमचा ताब्यात घेतला. पेशवाईच्याच उत्तरकाळात तारापूरचा कोट विकाजी मेहेरजी या पारशी सावकारांच्या घराण्याला इनाम मिळाला, म्हणजे लष्करी ठाण्याचे रूपांतर खाजगी मिळकतीत झाले. पुढे 1864 मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग पूर्ण झाला तेव्हा गाड्या वैतरणेवरील पुलांवरून धावू लागल्या. माल आणि प्रवासी दोन्ही रुळांवर वळल्यामुळे खाडीच्या तोंडावर पहारा ठेवण्याचे कारणच उरले नाही. तारापूरचे नाव 1969 मध्ये देशातील पहिल्या अणुविद्युत केंद्रामुळे पुन्हा सर्वतोमुखी झाले, परंतु या प्रसिद्धीचा जुन्या कोटाशी संबंध नव्हता. या कोटांचे आयुष्य तटांच्या जाडीपेक्षा त्या त्या काळच्या वाहतुकीवर आणि वसुलीच्या पद्धतीवर अधिक अवलंबून राहिले. म्हणूनच त्यांचा इतिहास लढायांच्या यादीबरोबर जमीनमहसूल, लाकूड आणि जकात यांच्या हिशेबांतूनही वाचावा लागतो.