बार्शी लाईट रेल्वे आणि घरबसल्या उत्पन्न

‘घरबसल्या उत्पन्न’ या दोन शब्दांविषयी आपल्या पांढरपेशा कुटुंबांत एक निराळाच जिव्हाळा दिसून येतो. पूर्वी हे उत्पन्न वतनाचे, इनामाचे, किंवा एखाद्या संस्थानाने लावून दिलेल्या वर्षासनाचे असे. धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात मोडत असल्यामुळे त्या बाजूस तर जहागिरीचे उत्पन्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिले. हैदराबाद संस्थानातील जहागिरी खालसा झाल्या त्या १९४९ साली. सनदेवर ‘वंशपरंपरा’ असा शब्द असला म्हणजे उत्पन्न अढळ झाले, अशी जी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती, ती एका हुकुमासरशी संपली.

सनदेची जागा आता कंपनीच्या भागांनी घेतली आहे. पेन्शनीची रक्कम हाती आलेला गृहस्थ, किंवा मुलांवर भार न टाकता दिवस काढू पाहणारी एखादी वृद्धा, वीज, वायू, वाहतूक असल्या सार्वजनिक सोयी पुरविणाऱ्या कंपन्यांच्या भागांकडे साहजिकच वळते. लोक दागिने करावयाचे थांबतील, नवे कापड घ्यावयाचे लांबणीवर टाकतील, पण दिवा लावावयाचे थांबणार नाहीत. सबब असल्या कंपनीचा डिव्हिडंड बुडावयाचा नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. अपुरा मात्र आहे. तो कोठे अपुरा पडतो हे पाहावयाचे असल्यास धाराशिव जिल्ह्यातून गेलेल्या एका लहानशा आगगाडीच्या इतिहासाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

ही आगगाडी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने हिचा ध्यास घेतला. तो प्रथम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत होता. कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या त्या मोठ्या रेल्वेपासून बार्शीची भरभराटीची पेठ वीस-बावीस मैल बाजूला पडली होती, आणि तेथील माल बैलगाड्यांनी स्टेशनावर येत असे. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली व १८९७ च्या मार्चमध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ साली दुसरी शाखा पंढरपुरास पोहोचली. बार्शीकडून निघालेला फाटा निजामाच्या हद्दीत शिरून येडशी, तडवळे, ढोकी अशी गावे घेत १९११ साली लातुरास गेला. लातूर त्या वेळी आणि पुढे १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. १९२७ मध्ये पंढरपूरची शाखा मिरजेस भिडली, तेव्हा सर्व मिळून सुमारे दोनशे दोन मैलांचा लोहमार्ग या छोट्या कंपनीच्या ताब्यात आला. गंमत अशी की, खुद्द जिल्ह्याचे ठिकाण या मार्गावर नव्हतेच! धाराशिवच्या माणसास गाडी धरावयाची तर येडशी गाठावी लागे.

कॅलथ्रॉपची खरी करामत रुळांत होती, आणि डिव्हिडंडाचा विचार करणाराने ती अवश्य समजून घ्यावी. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. रूळ यार्डास तीस पौंड वजनाचे, म्हणजे हलके. इतक्या हलक्या रुळांवर भारी इंजिन चालावयाचे कसे? त्याने इंजिनाच्या व डब्यांच्या प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा नियम केला. ओझे सारखे वाटले गेल्यामुळे हलका मार्गही पुष्कळ माल वाहू लागला. डिव्हिडंड शेकड्याने मोजतात, आणि त्या शेकड्यास दोन बाजू असतात: वर नफा, खाली भांडवल. सामान्य माणूस वरच्या बाजूकडेच टक लावून बसतो. कॅलथ्रॉपने खालच्या बाजूस हात घातला. थोड्या भांडवलात मार्ग उभा राहिला, म्हणजे बेताच्या उत्पन्नावरही भागीदारास वाटा देता येतो. जी कंपनी दरवर्षी नवे भांडवल गिळते, तिचा व्याप वाढतो, गाड्यांस गर्दी लोटते, आणि तरीही जुन्या भागीदाराच्या पदरी पडणारा घास लहानच राहतो.

कुर्डुवाडीच्या स्टेशनात या दृष्टीने दोन भिन्न कुळांचे भाग समोरासमोर उभे होते, असे म्हणण्यास हरकत नाही. एका बाजूस जी. आय. पी. रेल्वे. तिच्या भागीदारांस १८४९ च्या करारान्वये शेकडा पाच व्याजाची सरकारी हमी होती. गाडीस तोटा आला तरी ती रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथील शेतकऱ्याच्या सारावसुलीतून, भरून निघत असे. दुसऱ्या बाजूस बार्शी लाईट, जिची भिस्त पेठेतील गठ्ठे, धान्याची पोती आणि पंढरीचे वारकरी यांवर. त्यातही अरुंद डब्यातील प्रत्येक पोते कुर्डुवाडीस उतरवून रुंद डब्यात हमालांकडून चढवावे लागे, आणि त्याचा खर्च भाड्यातून वजा होई. पहिल्या प्रकारात भागीदार निश्चिंत, पण काटकसरीस उत्तेजन नाही. पाच टक्के मिळणारच, मग बांधकामास पैसा किती लागला याची फिकीर कोणी करावी? दुसऱ्या प्रकारात काटकसर, पण पीक बुडाले की उत्पन्नास ओहोटी. आणि अवर्षण हे तर या टापूचे जुने दुखणे. त्यातून दोन्ही कंपन्या विलायतेच्या. ढोकीच्या शेतकऱ्याने भाडे भरावे आणि डिव्हिडंड थेम्सच्या काठी वाटला जावा, हा दादाभाई नौरोजींनी उघड करून दाखविलेल्या द्रव्यशोषाचाच एक बारीकसा झरा होता.

या दोन्ही कुळांचा शेवट मात्र एकाच रीतीने झाला. जी. आय. पी. रेल्वे १९०० साली सरकारने विकत घेतली. भागीदारांस किमतीपोटी मुदतीचे वर्षासन लावून दिले. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ रोजी सरकारजमा होऊन मध्य रेल्वेत विलीन झाली. मुंबईत वीज व ट्रॅम चालविणारी कंपनी १९४७ च्या ऑगस्टात म्युनिसिपालिटीने घेतली. यांत आकस्मिक असे फारसे नव्हते. जी. आय. पी. च्या मूळ करारात खरेदीचे कलम होते. १९१० च्या वीज कायद्यातही परवान्याची मुदत भरताच व्यवसाय विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. ज्याने तो कागद वाचला त्यास हा डिव्हिडंड वंशपरंपरेचा नाही, मुदतीचा आहे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ज्याने गाडीतील गर्दी पाहूनच भाग घेतले, त्यास तो घाला वाटला.

एतद्देशीय भांडवलाचा प्रसंगही येथे सांगितला पाहिजे. खंडाळ्याच्या घाटावरील पावसाचे पाणी साठवून खोपोलीस वीज करावयाची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. त्यांच्या मागे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली, तेव्हा लंडनच्या धनिकांच्या अटी पटण्याजोग्या नव्हत्या; अखेर येथील संस्थानिकांनी व श्रीमंतांनी सुमारे दोन कोटी रुपयांचे भांडवल उभे केले. १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. भाडे भरणारा आणि डिव्हिडंड घेणारा एकाच देशात राहू लागला, ही आम्हांस यातील मोठी गोष्ट वाटते. मात्र १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने असल्या कंपन्यांच्या नफ्यास मर्यादा घातली: गुंतलेल्या भांडवलावर वाजवी उत्पन्न घ्यावे, त्याहून अधिक उरले तर त्यात गिऱ्हाइकाचाही हिस्सा.

हे तत्त्व नाव बदलून आजही चालू आहे. दर ठरविण्याचे काम आता नियामक आयोगांकडे असते. वीजनिर्मिती व पारेषण यांतील केंद्रीय कंपन्यांस भागभांडवलावर शेकडा साडेपंधरा परतावा २००९ पासून बहुतांशी मान्य होत आला आहे. हा आकडा ऐकून पुष्कळांच्या तोंडास पाणी सुटते. पण तो मिळतो आयोगाने मान्य केलेल्या भांडवलावर, बाजारभावावर नव्हे. समजा, मान्य भांडवल शंभर रुपये आहे आणि बाजारात त्याच भागास अडीचशे रुपये मोजले. तर साडेपंधरा रुपयांचा नफा आपल्या पैशावर शेकडा सहा रुपये वीस पैसेच पडला. त्यातील निम्मा कंपनीने नव्या तारा ओढण्यासाठी मागे ठेवला, की हाती तीन रुपये दहा पैसे. यास्तव उत्पन्नासाठी भाग घेणाराने परताव्याचा आकडा वाचण्याआधी आपण किती किंमत देत आहोत ते पाहावे. याच्या उलट, एखाद्या भागाचा डिव्हिडंड इतरांच्या दुप्पट दिसला तर हर्ष मानण्यापूर्वी तो कशातून दिला याची चौकशी करावी. झिजलेल्या यंत्रांसाठी बाजूला टाकावयाची रक्कमच वाटली जात असेल, किंवा जमीन विकून एकदाच पैसा आला असेल, तर ते बियाणे दळून भाकरी करण्यासारखे आहे.

धाराशिवच्या रहिवाशाने म्हणावे की, ज्या कंपनीचे वीजबिल मी भरतो तिचेच भाग मी का घेऊ नयेत? ते शक्य नाही. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन निघालेली महावितरण कंपनी सरकारी मालकीची आहे, तिचे भाग बाजारात नाहीत. त्यास घेता येतात ते तिला वीज विकणाऱ्या किंवा वाहून आणणाऱ्या कंपन्यांचे: एन. टी. पी. सी. चे २००४ पासून, पॉवर ग्रिडचे २००७ पासून. तथापि या कंपन्यांचे पैसे अखेर वितरण कंपन्यांकडूनच यावयाचे, आणि महावितरणची शेतीपंपांची थकबाकी हे सर्वश्रुत प्रकरण आहे. म्हणून आम्ही तरी ताळेबंदात नफ्याच्या ओळीखालोखाल येणे रकमेची ओळ पाहतो. ती दरसाल फुगत असेल तर कागदावरील नफा आणि हाती येणारा पैसा यांत अंतर पडू लागले आहे, असे समजतो.

बार्शी लाईटचे अरुंद रूळ आता उरले नाहीत. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, आणि रूळ बदलताना त्यास वळण देऊन धाराशिव शहरास प्रथमच स्टेशन मिळाले. त्या वळणास जे भांडवल लागले ते सरकारचे. त्यावर डिव्हिडंड मागणारा भागीदार कोणी नव्हता, आणि तसा असता तर हे वळण कदाचित् घेतलेही गेले नसते.